तेलाचा हात

७ फेब्रुवारी १९५५, सोमवार

मोटार दारात आली. जुन्नरहून ओतूरपर्यंत बैलांनी ओढून आणली, कारण इंजिन अजून बोलत नाही. गाव रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभं राहून हसत होतं. शेजारचा गेणभाऊ तर आडवाच आला. म्हणाला, "भिमाजीशेठ, ही मोटार हाये का चुलवान?" हसा म्हटलं. ज्याच्या दारात सायकलसुद्धा नाही त्यानं हसण्याशिवाय करायचं तरी काय?

गाडी जुन्नरच्या एका डॉक्टरची. डॉक्टर वारले, त्यांच्या बाईनं ती उघड्या गोठ्यात लावून टाकली. तेव्हापासून तिच्यावर कबुतरं बसली, कोंबड्यांनी आत अंडी घातली, वरून लिंबाच्या झाडाचा डिंक गळला. रंग मूळचा काळा होता म्हणतात. आता चुलीतली राख बरी. टपावर बोट ओढलं की बोट पांढरं होतं. पण घाट बघावा गाडीचा! ओतुरात असली दुसरी नाही.

ही डायरी मंचरच्या खतवाल्यानं दिलेली, कोरीच पडली होती. एवढं काम अंगावर घेतोय तर लिहून ठेवावं म्हणून आजपासून लिहितो.

बायको आपण होऊन ओवाळायला आली नाही. दोनदा हाक मारली तेव्हा कुशा ताट घेऊन बाहेर आली, तीही तोंड पाडून. लेक लंका मात्र गाडीभोवती फिरली. हिच्यात बसून कुठं जायचं, म्हणाली. मी म्हटलं, तू सासरी जायचं. पोर आत गेली.

१० फेब्रुवारी

घोडेगावचे सोमाजीराव पाडव्यानंतर मुलगी बघायला येणार, हे आज पक्कं झालं. त्यांचे मालट्रक, त्यांची जमीन, त्यांचं आंबेगाव तालुक्यातलं वजन. त्यांचा सासरा झालो तर ओतूरच्या बाजारात माझा कांदा आधी उचलला जाईल आणि बाकीचे आडते नंतर बघतील काय ते. वय चाळिशीच्या आत-बाहेर आहे. पहिली बायको वारली. कशानं वारली हे विचारायची पद्धत नसते, आणि मी विचारलंही नाही. आई अंथरुणाला खिळलेली आहे, पण म्हातारं माणूस कोणाच्या घरात नसतं?

अशी माणसं दारात आली की आधी दारात काय उभं आहे ते बघतात, मुलगी मागून बघतात. म्हणून ही मोटार. नुसती उभी नको, लखलखीत उभी पाहिजे.

लंकाला अठरावं सरलं. सातवीची फायनल झाली, आता शाळेच्या बाईंनी डोक्यात भरवलंय की पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जायचं, मास्तरीण व्हायचं. जागाही मिळालीय म्हणे, जूनमध्ये जायचंय म्हणे. दोघींनी परस्पर ठरवलं. मी सांगितलं, लोकांची शेंबडी पोरं पुसण्यापेक्षा स्वतःची पूस. कुशा म्हणाली, पोरीला एकदा विचारा तरी. आता पोरीला विचारून स्थळं ठरवायची झाली तर बापानं काय देव्हाऱ्यात बसायचं?

१४ फेब्रुवारी

जुन्नरचा पीरमहंमद आला. टांग्यांना आणि पालख्यांना रोगण करणारा. बोलणं लई, काम थोडं, आणि दर घडीला चहा. पण हात लावला तेव्हा काम कळलं. गाडी आधी रिठ्याच्या पाण्यानं धुतली. चिकटलेलं डांबर आणि डिंक घासलेटच्या फडक्यानं ओला करून करून काढला, ओरबाडला नाही. मग डब्यातली मातकट पेस्ट फडक्यावर घेऊन दाराचा एक तुकडा गोल गोल घासला. आधी फडकं काळं झालं, मग खालून रंग वर आला. काळा, ओला असल्यासारखा. माझ्या अंगावर काटा आला.

म्हणाला, रंग मेलेला न्हाई, वरची साल मेलीय. कांद्याची साल काढतो तशी तेवढीच काढायची. जास्ती घासलं की रंग संपतो आणि पत्रा लागतो, मग मेण लावायचं तरी कशाला? घासून झालं की टर्पेंटाइननं पुसायचं, म्हणजे तेलकटपणा राहत नाही, आणि शेवटी मेण. मेणाखाली जे असेल तेच चमकणार. लंका दारात उभी राहून ऐकत होती. तिला म्हणाला, पोरी, ह्या टर्पेंटाइनमदी हात घातला तर रोज सांजंला खोबरेल लावायचं, न्हाईतर कातडं सोलून निघतंय. स्वतःचे हात दाखवले. घोरपडीची पाठ बरी.

१८ फेब्रुवारी

पीरमहंमदला हाकलला. एक दार करून झालं नाही तोवर म्हणतो, बायको बिबिजान तापानं फणफणलीय, दोन-चार दिस जुन्नरला जाऊन येतो. मी म्हटलं, तुझ्या बायकोचा ताप माझ्या पाडव्याला थांबेल का? गेलास तर परत येऊ नकोस. तो गेला. पेस्टचा डबा आणि मेणाचा डबा मी ठेवून घेतले. काम अर्धवट टाकणाऱ्याची अवजारं कसली? डबा मागताना त्याचा आवाज बसला होता. असली नाटकं मी बाजारात रोज बघतो.

काम काय, समजलं मला. गोल घासायचं, बस.

२१ फेब्रुवारी

आज स्वतः घासली. डब्यातली पेस्ट पुरवायची म्हणून तिच्यात विटेची पूड मिसळली. ही युक्ती त्या पीरमहंमदला सुचली नसती. फडकं फिरवलं आणि मागच्या चाकावरच्या पंख्यावर रेघाच रेघा उठल्या, मांजरानं नखं मारावीत तशा. इंजिन दुरुस्तीला बोलावलेला सोपान ड्रायव्हर इंजिनात डोकं घालून बसला होता, तो हसला. त्याला शिव्या दिल्या. गाडी हलवली असणार त्यानं.

माझे हात राकट, आणि मला आडतीवर बसायचं असतं. गडी लावावे तर ते भांडी घासल्यासारखं घासतील. करायचं काय?

रात्री जेवताना जरा मन रमावं म्हणून कुशाला जुनी गोष्ट सांगितली. पुतण्यासाठी राजुरीची मुलगी बघायला गेलो होतो ती. मुलगी नक्षत्रासारखी. आमच्या बयाअक्कानं कुंकू लावायच्या निमित्तानं तिचा हात हातात घेतला, तळव्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. बोटांच्या पेरांना भेगा होत्या. उठलोच आम्ही, पोहे अर्धे टाकून. बाप मागं पळत आला, म्हणाला, खुरपणीचे दिस हायेत म्हणून, हात भरून येतील. बयाअक्का म्हणाली, हात बघावा मग पोर बघावी. त्या पोरीचं पुढं कुठंच जमलं नाही. मी हसत सांगितलं, कुशा हसली नाही. लंका भाकरी वाढत होती. तिनं विचारलं, "नुसत्या हातावरनं नाकारत्यात, आबा?" मी म्हटलं, नाकारतात तर. जरा वेळानं तिनं परत तेच विचारलं. पोर आता संसाराच्या गोष्टी विचारायला लागली, बरं वाटलं.

२२ फेब्रुवारी

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. सकाळी लंका आपण होऊन म्हणाली, "गाडी मी घासते, आबा. चाचांचं बघितलंय मी सगळं." कालची रात्र सोडली तर दहा दिवस तोंडातून शब्द नव्हता तिच्या! शाळेच्या बाईंचं भूत उतरलं म्हणायचं. कुशा मध्ये पडली, पोरीला पावणं बघायला येणार आणि तुमी तिला घासलेटात बसवता? मी म्हटलं, तिला कोणी बसवलंय, ती बसतेय.

१ मार्च

पुढचं अर्धं अंग झालं. विटेची पूड पोरीनं फेकून दिली आणि मी काढलेल्या रेघाही नाहीशा केल्या. फडकं वापरत नाही, उघड्या तळहातानं घासते. म्हणते, फडक्यात कण अडकतात, हाताला कण कळतो. कुठून शिकली कोण जाणे. सकाळी बसते ती ऊन डोक्यावर येईपर्यंत उठत नाही.

कुशा रोज संध्याकाळी खोबरेलाची वाटी घेऊन तिच्या मागं. लंका हात मागं घेते. आज मी विचारलं तेव्हा म्हणाली, तेलाचा हात गाडीला लागला तर मेण बसत नाही. बरोबर आहे, पीरमहंमदही तेच म्हणाला होता. मी कुशाला सांगितलं, पोरीला अक्कल आहे, तुला नाही. वाटी फडताळात ठेव. कुशा म्हणाली, अवो, तिचे हात बघा तरी एकदा. मी म्हटलं, गाडी बघ तू.

८ मार्च

होळी. पुरणपोळी लाटायला लंका बसली नाही, हात पिठाला लागून झोंबतात म्हणाली. मग दुपारी मात्र टर्पेंटाइनचं फडकं घेऊन गाडीशी. लहर असते पोरींची.

आज कुशानं तेलाची वाटी आणलीच नाही. स्वयंपाकघरात दोघी मायलेकी काहीतरी कुजबुजत होत्या. मी गेलो तर गप्प. कुशाचे डोळे सुजलेले होते, पण मला बघून तिनं चक्क पान लावून दिलं. घरात शांतता आली एकदाची.

१३ मार्च

पीरमहंमद डबे मागायला आला. मी सोपानकडून सांगितलं, शेठ घरात नाहीत. पण तो गाडीपाशी थांबला, लंका घासत होती तिथं. खिडकीतून बघितलं मी. तिचा हात बघून तो खालीच बसला. मग मोठ्यानं म्हणाला, आत ऐकू जावं असं, "शेठ, गाडीचा रंग परत मारता येतो. ह्याचं काय करनार?" मी बाहेर आलो आणि सांगितलं, तुझी बायको बरी झाली का ते बघ, माझी पोर मी बघेन. त्यानं सांगितलं की ती गेली. मेल्या माणसाचं निमित्त पुढं करणारे असतात, तसाही हा असेल. डबे दिले नाहीत, काम संपलं नव्हतं.

१९ मार्च

सोपाननं इंजिन चालू केलं. गावानं ऐकलं. गेणभाऊ आज हसला नाही.

लंकानं वाटीत चुन्याची निवळी आणली होती. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, काचांना. काचा खरंच निघाल्या स्वच्छ. वाटीत हात बुडवून बराच वेळ बसली होती, काचा पुसायच्या विसरून. थकली असेल. मी म्हटलं, आता थोडं राहिलं, नेट धर. ती म्हणाली, "व्हय आबा, आता थोडंच ऱ्हायलंय." आणि हसली. कित्येक दिवसांनी हसताना बघितली पोर.

२५ मार्च, पाडवा

गुढी उभारली आणि गाडीला मेण लावलं. मेण मी स्वतः लावलं, हे काम मालकाचं. पातळ हात, मग वाळू दिलं, मग जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं पुसलं. काय सांगू! दारात माझं तोंड दिसलं, पागोट्यासकट. गुढी दिसली. कडुलिंबाची डहाळी पान् पान दिसली. डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला लिहू. सगळं गाव बघून गेलं. लंका उंबऱ्यात उभी होती, हात पदराखाली. मी सगळ्यांना सांगितलं, हे माझ्या पोरीचं काम. कुणाला खरं वाटेना.

२७ मार्च, रविवार

काय दिवस गेला! आजच लिहिलं पाहिजे.

सोमाजीराव आले, त्यांची थोरली बहीण सखूबाई आणि दोन-चार पाव्हणे. मी म्हणालो होतो तसंच झालं. सोमाजीराव आधी मोटारीपाशी थांबले, वाकून दारात तोंड बघितलं आणि मिशीवरून हात फिरवला. मला वाटलं, जमलं.

मग लंका पोह्यांचं ताट घेऊन आली, आणि मी पहिल्यांदा तिचे हात बघितले. देवा! नखं काळीठिक्कर, पेरांना चिरा, तळव्याची साल ठिकठिकाणी सुटलेली आणि मनगटापर्यंत लालबुंद. अजून खोटं वाटतं. रोज माझ्यासमोर वावरणारे हात! पदराखाली झाकावेत एवढी तरी अक्कल? पण पोर ताट खाली ठेवून दोन्ही हात मांडीवर उताणे पसरून बसली, बाजारात माल मांडावा तशी. मी खाकरलो, डोळे वटारले. बघेना. आतल्या दारात कुशा उभी होती, पदर तोंडाशी धरून. तिचे डोळे चमकत होते. भीतीनं असणार.

सखूबाईंनी कुंकू लावलं आणि हात हातात घेतला. तळव्यावरून अंगठा फिरवला. अगदी आमच्या बयाअक्कासारखा. मला राजुरीच्या त्या बापाचं तोंड आठवलं. कशानं झालं हे, त्यांनी विचारलं. मी तापाचं काहीतरी सांगायला लागलो तेवढ्यात लंकाच बोलली, बघायला आलेल्यांसमोर, न विचारता.

"मोटार घासली मी. माजे हात असेच ऱ्हात्यात."

सखूबाई हात सोडेनात. मला वाटलं, आता उठतात. मनात म्हटलं, हिला घरात कोंडून मारतो आता.

सखूबाई भावाकडं वळल्या. म्हणाल्या, "सोमा, हीच घ्यायची. पयलीचे हात लोण्यावानी व्हते. आईचं हागणं-मुतणं काढून दोन महिन्यात भेगा पडल्या आन् रडत बसली, रडतच गेली. हिच्या भेगा आधीच पडल्यात."

सोमाजीराव हसले. म्हणाले, तोंड बघून करायचं वय न्हाई आता आपलं, घरात हात पायजे. माझा जीव भांड्यात पडला. मीही हसलो, पाव्हणेही हसले. लंका एकदा सखूबाईंकडं बघत होती, एकदा माझ्याकडं. मग तिनं हात पदराखाली घेतले. आता झाकून काय उपयोग, बघून झालं होतं. आत जाताना उंबऱ्याला अडखळली आणि तिथंच खाली बसली. मी पाव्हण्यांना सांगितलं, आनंदानं गांगरलीय.

उठता उठता सोमाजीराव म्हणाले, मोटारबी आवडली. म्हणजे मुलीबरोबर मोटारही. मोठ्या घरची रीत मोठी. हो म्हणालो.

पाव्हणे गेल्यावर कुशा आली. तीस वर्षांत ही बाई माझ्यासमोर मोठ्यानं बोलली नव्हती. म्हणाली, "पोरीनं हात जाळून घेतले, ते तुमी बघितलं न्हाई. कशापायी जाळले, तेबी तुमाला उमगलं न्हाई. आंधळं म्हणायची सोय न्हाई, मोटारीत तोंड दिसतंय की तुमाला." मी म्हटलं, बाई, त्या हातांनीच तर लग्न जमलं! हाताच्या कांकणाला आरसा कशाला? ती आत गेली. एवढं चांगलं स्थळ मिळालं आणि घरात सुतक पडल्यासारखं. बायकांच्या जातीला सुख बोचतं.

३ एप्रिल

शाळेच्या बाई आल्या होत्या. लंकाची जागा जूनपर्यंत धरून ठेवलीय, लग्नानंतरही पाठवता येईल, सोमाजीरावांशी मी बोलते, असं काय काय. मी म्हटलं, स्वतःचं कपाळ मोकळं झालं ते आधी बघा, मग दुसऱ्यांच्या पोरी शिकवा. बाई चहा न घेता गेल्या. लंका आतून ऐकत होती, पण रडली नाही. आता ती रडतही नाही, बोलतही नाही. समजूतदार झाली.

आज तिनं आईकडं तेल मागितलं म्हणे. कुशा म्हणते, चुन्यानं खाल्लेलं कातडं आता तेलानं भरून येत नाही.

१२ एप्रिल

हे लिहिताना अजून संताप येतोय. दुपारी आडतीवरून लवकर आलो तर लंका बॉनेटपाशी. मला वाटलं, धूळ पुसतेय. जवळ जाऊन बघतो तर एकाच जागी घासतेय. फडक्यावर विटेची पूड. एकाच जागी, एकाच जागी. रंग गेलेला, खालचा लाल अस्तराचा हातही गेलेला, तळहाताएवढा पत्रा उघडा पडलेला. हात धरला तरी घासत होती. मी मुस्काटात दिली. कधी मारलं नव्हतं पोरीला, पण नवी कोरी दिसणारी गाडी, माझ्या जावयाची गाडी! विचारलं, काय करतेयस हे? म्हणाली, "बघत व्हते, मेण कशाला लावायचं उरतंय का."

पीरमहंमदचं काहीतरी डोक्यात बसलंय तिच्या. उद्यापासून गाडीला हात लावायची बंदी. उघड्या जागेवर बुटाचं काळं पॉलिश लावलं आणि वर मेण. दुरून कळत नाही.

८ मे

लग्न पार पडलं. वाजंत्री, पंगती, सगळं नावाला साजेसं. हळद लावताना पोर कळवळली, भेगांत हळद शिरते. बायका म्हणाल्या, नवरी लाजते.

वरात मोटारीतून. सोपाननं पहाटेच तिला पुसून हारांनी सजवली होती. ऊन पडलं तशी ती अशी चमकली की घोड्यावर बसायचं सोडून सोमाजीराव आतच बसले. लंका त्यांच्या शेजारी. कुशानं तिच्या ओटीत तोंड घातलं ते सोडवावं लागलं. गाडी वेशीपर्यंत गेली, टपावर ऊन पडलेलं दिसत होतं, मग ओढ्याच्या वळणाला दिसेनाशी झाली. मला हुंदका आवरेना. सगळ्या गावासमोर रडलो. गेणभाऊ खांद्यावर हात ठेवून म्हणाला, पोरीचं असंच असतं, राव.

लोकांना वाटलं, पोरीसाठी. वाटू दे. दार आता किती मोकळं दिसतंय!

१९ जून

बरेच दिवसांनी लिहितो. आज घोडेगावहून सोमाजीरावांचा ट्रक कांद्याला आला. माझा कांदा पहिला उचलला. म्हणालो होतो की नाही!

ट्रकवाल्याजवळ निरोप होता. बॉनेटवर गंज आलाय, पावसानं बुटाचं पॉलिश वाहून गेलं, सासऱ्यानं फसवलं असं सोमाजीराव दोन दिवस बोलत होते म्हणे. पण आता राग गेलाय. तुमची लेक घासतीय रोज, म्हातारीचं आवरून झालं की गाडीपाशी बसवतात. पेस्ट आणि मेण संपलंय, तेवढं पाठवा. मी विचारलं, कशी आहे लंका? तो डोकं खाजवून म्हणाला, तोंड न्हाई बघितलं, शेठ. दाराआडनं भाकरी देत्यात तवा हात दिसत्यात.

म्हणजे बरी असेल. काही झालं असतं तर निरोप आला असता.

पीरमहंमदचे दोन्ही डबे अजून होते, तेच बांधून ट्रकवाल्याकडं दिले. गाठोडं जड लागलं म्हणून सोडून बघितलं, तर कुशानं डब्यांच्या मध्ये चोळीच्या खणात गुंडाळून खोबरेलाची बाटली ठेवलेली. मी ती काढून घेतली. कुशा दारात उभी होती. तिला समजावून सांगितलं, तेलाचा हात गाडीला लागला तर मेण बसत नाही. लंकाचंच शहाणपण आहे ते, आणि आता तर ती जावयाच्या गाडीला हात लावते. बाटली परत फडताळात ठेवली.